स्थौल्यचिकित्सा : आहार, व्यायाम, चिंतन आणि क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुष सांगितले आहेत. त्यांपैकी केवळ दोघांचा, अतिस्थूल आणि अतिकृश यांचा, आचार्यांनी सविस्तर विचार केला. आणि या दोघांतही कृशता एक वेळ बरी, स्थूलता अधिक वाईट, असा निर्णय दिला. कारण स्थूल पुरुषाला संतर्पण दिले तर मेद वाढतो आणि अपतर्पण दिले तर त्याला ते सोसवत नाही. चिकित्सकाची अशी दोन्ही बाजूंनी कोंडी करणारे व्याधी थोडेच आहेत.

हा व्याधी आता शहरापुरता उरलेला नाही. २०१९–२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा स्थूल आढळले. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यात वैद्यकी करणाऱ्यांना ही आकडेवारी वेगळी सांगावी लागत नाही. गुडघेदुखी, मधुमेह, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, घोरणे, दम लागणे अशा कोणत्याही निमित्ताने रुग्ण येतो आणि मुळाशी मेद असतो. बहुतेकांची मागणी ठरलेली असते : "वजन कमी करायचं एखादं औषध द्या."

आपणही बहुधा औषधापासूनच प्रारंभ करतो. आहाराचा छापील कागद हाती देतो, व्यायाम तोंडी सांगतो आणि मनाविषयी काहीच बोलत नाही. दोन महिन्यांनी रुग्ण येईनासा होतो. संहितेत या गोष्टींना जे स्थान आहे ते व्यवहारात परत कसे आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

स्थूल कोणास म्हणावे?

चरकाचार्यांनी स्थूलाचे लक्षण वजनावर बांधलेले नाही. मेद व मांस यांच्या अतिवृद्धीमुळे ज्याचे नितंब, उदर व स्तन चालताना हलतात आणि ज्याच्या शरीराच्या वाढीला अनुरूप असा उत्साह त्याच्या ठिकाणी नसतो, तो अतिस्थूल. म्हणजे मेद कोठे साठला आहे आणि माणसाची कार्यशक्ती किती उरली आहे, या दोन गोष्टी पाहावयाच्या आहेत.

आधुनिक संशोधन याच दिशेने आले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. आपल्याकडील नवजात बालक वजनाने कमी असूनही त्याच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे त्यातून पुढे आले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघेही सारखेच दिसत होते.

म्हणून केसपेपरवर वजनाबरोबर कमरेचा घेर लिहिलाच पाहिजे. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. बीएमआय २३ च्या पुढे अतिवजन व २५ च्या पुढे स्थौल्य धरतात. त्याचबरोबर अवटू ग्रंथीचे विकार, स्टिरॉइडचा वापर, शोथ व जलोदर यांची शहानिशा चिकित्सेपूर्वी करावी. सुजेला मेद समजून लेखन चिकित्सा दिल्यास रुग्णाचे नुकसान होते.

स्थूलाची भूक खरी असते

स्थूल रुग्णाला घरीदारी एकच बोलणे ऐकावे लागते : "तोंडावर ताबा नाही." संहितेचे म्हणणे निराळे आहे. मेदाने स्रोतसांचा मार्ग अडला की वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो आणि आहार लवकर पचवून टाकतो. त्यामुळे रुग्णाला पुन्हा भूक लागते, आणि वेळेवर अन्न न मिळाल्यास तो कासावीस होतो. घेतलेल्या आहारातून मेदच वाढतो, इतर धातूंचे पोषण होत नाही. म्हणून शरीर मोठे आणि बल मात्र कमी. अतिक्षुधा, अतितृष्णा व दौर्बल्य हे तिन्ही स्थौल्याच्या आठ दोषांत गणलेले आहेत.

ही संप्राप्ती रुग्णाला सोप्या भाषेत समजावून सांगणे हाच आमच्या मते चिकित्सेचा पहिला भाग आहे. आपली भूक हा व्याधीचा भाग आहे, चारित्र्याचा दोष नव्हे, हे कळल्यावर रुग्णाची अपराधी भावना कमी होते आणि तो खरे बोलू लागतो. "मी काहीच खात नाही" असे म्हणणारी व्यक्ती मग दिवसातील सहा कप चहा, सोबतची खारी, संध्याकाळची भेळ आणि मुलांच्या ताटात उरलेले अन्न यांचा हिशोब स्वतःहून देते. एका कपात दोन चमचे धरले तरी सहा कपांतून ५० ते ६० ग्रॅम साखर, म्हणजे दोनशेहून अधिक कॅलरी पोटात जातात. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साखरेने या जिल्ह्याला वैभव दिले. त्या साखरेचा मान राखूनही वैद्याला तिचे चमचे मोजावे लागतात.

गुरू-अपतर्पण आणि आपली भाकरी

भूक खरी असेल तर उपाशी ठेवणे ही चिकित्सा होऊ शकत नाही. येथेच चरकाचार्यांचे सूत्र उपयोगी पडते : स्थूलासाठी गुरू आणि अपतर्पण करणारे द्रव्य. गुरुत्वामुळे तीक्ष्ण अग्नीला काम मिळते, अपतर्पणामुळे मेद वाढत नाही. चक्रपाणींनी यासाठी मधाचे उदाहरण घेतले आहे. आजच्या परिभाषेत पोटभर वाटणारा, सावकाश पचणारा, तंतू व प्रथिने अधिक असलेला आणि स्नेह-शर्करा कमी असलेला आहार या सूत्राच्या बराच जवळ जातो.

या अध्यायातील पथ्यद्रव्यांची यादी आपल्या जिल्ह्यातील वैद्याने मुद्दाम वाचावी. श्यामाक, यव, कोद्रव, मूग, कुलत्थ, तुरी यांच्यासह तेथे 'जूर्णाह्वा' आहे. जूर्णाह्वा म्हणजे ज्वारी असा अर्थ घेतला जातो. ज्वारी आणि हुलगे ही पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांची जुनी पिके. वरई व नाचणी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात होतात. त्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जतन केल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले वसुधा', 'फुले रेवती' असे ज्वारीचे वाण दिले आहेत. म्हणजे पथ्याचे धान्य दारात आहे. ताटातून मात्र ते मागे सरले आणि त्याची जागा दोन्ही वेळच्या चपातीने घेतली. गोधूम हा मधुर, शीत, स्निग्ध, गुरू व बृंहण. स्थौल्याच्या हेतूंत जे गुण सांगितले नेमके तेच. कृशासाठी तो हितकर आहे, मेदस्व्यासाठी नित्य दोन वेळा नव्हे.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व जवळपास तितकेच तंतू असतात. हुलग्यात प्रथिने २० ग्रॅमहून अधिक असतात. भाकरी, हुलग्याचे शेंगोळे किंवा गूळ न घातलेले माडगे, मुगाचे वरण, पडवळ-दोडक्याची कमी तेलातील भाजी, हंगामात आवळा आणि लोणी काढलेले पातळ ताक, असे ताट कोणत्याही घरात होऊ शकते. मात्र तारतम्य हवे. भाकरी म्हणून ती कितीही खावी, असे नाही. तिच्यासोबत शेंगदाण्याची तेलकट चटणी व वर तेलाची धार असेल तर अपतर्पण राहिले कोठे? बद्धकोष्ठ, अर्श किंवा वातप्रधान रुग्णात भाकरीच्या रूक्षतेचा विचार करावा. अम्लपित्त, रक्तपित्त व गर्भिणी अवस्थेत हुलगे टाळावेत.

दोन प्रचलित समजुतींचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहिली उपवासाची. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे व तूप असा उपवास हे संतर्पणच होय. अशा रुग्णाने उपवासाला भगर व ताक घ्यावे आणि तेही मोजके. दुसरी समजूत सकाळी उकळत्या पाण्यात मध-लिंबू घेण्याची. संहितेने मधोदक सांगितले, तप्त मध निषिद्ध मानला. मध साध्या पाण्यातच द्यावा. मधुमेही रुग्णास तो साखरेइतक्याच सावधपणे द्यावा.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवलेली पद्धती सांगते की, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट थोड्या थोड्या अंतराने थोडे खाण्याचा पुरस्कार केला. दोन्हींचे अनुयायी मोठ्या संख्येने आहेत.

आयुर्वेदाचा दंडक घड्याळापेक्षा जीर्णाहार लक्षणांवर आधारलेला आहे. आधीचे अन्न पचले, उद्गार शुद्ध झाला, शरीर हलके वाटले व भूक लागली की जेवावे. कफप्रधान, मंद भुकेच्या रुग्णाला दोन अन्नकाल सहज मानवतात. तीक्ष्णाग्नी रुग्णाला मधल्या वेळी ताक, मूग किंवा काकडी द्यावी. अन्यथा तो रात्री दुप्पट जेवतो. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाचे जेवण मात्र त्याच्या चिकित्सकाच्या सल्ल्यावाचून कधीही कमी करू नये.

व्यायाम

स्थौल्य कमी करण्यात व्यायामाची बरोबरी करील असे दुसरे काही नाही, असे सुश्रुताचार्य सांगतात. प्रमेहचिकित्सेत तर ते निर्धन रुग्णाला शंभर योजने चालण्यास किंवा विहीर खणण्यास सांगतात. ज्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथील गावकऱ्यांनी श्रमदानाने पाणी अडवले, तेथे या उपदेशाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

"दिवसभर शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" हा आक्षेप नेहमीचा आहे. कष्टकऱ्याच्या बाबतीत तो खराही आहे. पण बागायती पट्ट्यात नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जाते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. घरातले जाते तर केव्हाच गेले. शिर्डीचा दुकानदार, सुपे व नागापूर औद्योगिक वसाहतीतील यंत्रासमोर उभा राहणारा कामगार, शिक्षक, कारखान्याचा लिपिक यांचे तर सर्व दिवस एका जागी जातात. म्हणून रुग्णाचा प्रत्यक्ष दिनक्रम विचारूनच व्यायाम ठरवावा.

मर्यादा अर्धशक्तीची. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही थांबण्याची खूण. अतिस्थूल, गुडघे झिजलेल्या रुग्णास पहिल्याच दिवशी पळायला किंवा दोरीच्या उड्या मारायला लावणे अनुचित होय. दहा मिनिटांच्या सपाट रस्त्यावरील चंक्रमणाने सुरुवात करावी व दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. आठवड्याला किमान १५० मिनिटे ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशा रीतीने दीड-दोन महिन्यांत सहज गाठता येते. त्यानंतर सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे असे बल वाढवणारे प्रकार जोडावेत. मेद घटताना मांसधातू टिकला पाहिजे. छातीत दुखणे वा अल्प श्रमात धाप लागणे असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

चिंता नव्हे, चिंतन

स्थौल्याच्या हेतूंत चरकाचार्यांनी 'अचिंतन' व 'हर्षनित्यत्व' हे मानस हेतू दिले आणि उपचारांत 'चिंतन' सांगितले. आज वाचक विचारील की, रुग्ण तर चिंतेनेच ग्रासलेले आहेत, मग ते कृश का होत नाहीत? येथे चिंता व चिंतन यांतील भेद लक्षात घ्यावा. कर्जाची, मुलांच्या शिक्षणाची चिंता करीत माणूस टीव्हीसमोर फरसाणाची पिशवी संपवतो. त्याचे खाण्याकडे चिंतन नसते. आपण काय खातो, का खातो, भुकेने की कंटाळ्याने, याचे भान म्हणजे चिंतन, असा अर्थ आम्ही चिकित्सेपुरता घेतो. यासाठी साधी वही पुरते. जेवण्यापूर्वी 'भूक आहे की नाही' एवढे एक अक्षर आणि खाल्लेल्या पदार्थाचे नाव लिहावे.

याच यादीतील 'प्रजागर' मात्र विवेकाने घ्यावा. अतिनिद्रा व दिवास्वाप करणाऱ्यासाठी तो उपाय आहे. मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या रुग्णाला अधिक जागरण सांगणे चुकीचे ठरेल. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आता सर्वमान्य आहे. त्याने दुपारची झोप सोडावी व रात्री वेळेवर झोपावे.

मनाच्या चिकित्सेतील कळीचा शब्द आहे 'क्रमाने'. प्रजागर, व्यायाम, चिंतन हे सर्व क्रमाक्रमाने वाढवावे, असे आचार्य बजावतात. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रमही हेच सांगतो : सवयीचे अहितकर चतुर्थांशाने सोडावे आणि हितकर चतुर्थांशाने धरावे. आम्ही हा क्रम आठवड्यांत बसवतो. चार चपात्यांपैकी पहिल्या आठवड्यात एक चपाती कमी करून तितकीच भाकरी घ्यावी, दुसऱ्यात दोन. चौथ्या आठवड्यात ते जेवण पूर्ण भाकरीचे होते. चहातील साखरही याच रीतीने उतरवावी. एकदम सोडलेली सवय सणावाराला दुपटीने परत येते, पायऱ्यांनी सोडलेली सहसा येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

माणूस एकट्याने बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा कुपोषण व बालमृत्यू हे प्रश्न होते. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केल्यावर घराघरांतील सवयी बदलल्या. व्याधी उलट दिशेचा असला तरी मार्ग तोच आहे. स्वयंपाक करणारी व्यक्ती सल्ल्याच्या वेळी समोर असावी. चार शेजारणींचा पहाटे चालण्याचा गट असावा. घरात एकाच ताटात पथ्य आणि इतरांसाठी वेगळा स्वयंपाक, ही व्यवस्था महिनाभरसुद्धा टिकत नाही.

अपेक्षाही आधीच ठरवावी. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुरेशी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचे व आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचा संभव ५८ टक्क्यांनी कमी झाला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात तर वजन फारसे न उतरताही आहार-विहारातील बदलांनी तो सुमारे २८ टक्क्यांनी घटला. काटा हलत नाही म्हणून निराश झालेल्या रुग्णाला हे जरूर सांगावे.

औषधे आणि औषधी दुकानदार

नवक गुग्गुळ, मेदोहर गुग्गुळ, आरोग्यवर्धिनी, त्रिफळा, गुडूची-मुस्ता, विडंग, शिलाजतू, कुलत्थाच्या पिठाचे रूक्ष उद्वर्तन व लेखन बस्ती यांचे महत्त्व वैद्यांना ज्ञात आहे. पण आहार-विहाराचा पाया नसेल तर ही औषधे पाण्यात टाकल्यासारखी आहेत, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे. अवटूच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना गुग्गुळकल्प विचारपूर्वक द्यावेत.

औषधी दुकानदार बंधूंशी येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. 'दहा दिवसांत पाच किलो' असा फलक ही केवळ अतिशयोक्ती नव्हे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा गुन्हा आहे आणि पहिल्या अपराधालाही सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. 'पूर्ण आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिब्युट्रामीन हे रासायनिक औषध लपवलेले आढळल्याचे अमेरिकेच्या औषध नियामकांनी वेळोवेळी जाहीर केले आहे. हृदयावरील दुष्परिणामांमुळे भारतात त्यावर २०११ साली बंदी आली. गार्सिनिया जातीच्या फळांच्या तीव्र अर्कामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व उत्पादकाचा पत्ता स्पष्ट नसलेली पाकिटे दुकानात ठेवूच नयेत. चार दिवसांत भूक मेली, छातीत धडधडते, झोप उडाली, असे ग्राहकाने सांगितले तर ते उत्पादन थांबवून त्याला वैद्याकडे पाठवावे. अशा एका पाकिटाने होणारी बदनामी उत्पादकापेक्षा आयुर्वेदाला अधिक भोगावी लागते.

२०२५ पासून टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात स्थौल्यासाठी मिळू लागली आहेत आणि ती घेणारे रुग्ण आपल्याकडेही येतात. त्यांची हेटाळणी करू नये. अतिस्थूल व मधुमेही रुग्णांत त्यांचा परिणाम सिद्ध आहे. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाठपुराव्यात सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. भूक औषधाने दबली असली तरी ताट, पाऊल व मन तेच राहिले तर काय होते, याचे हे उदाहरण होय. अशा रुग्णात मांसधातूचे रक्षण, पुरेशी प्रथिने व व्यायाम यांसाठी वैद्याने त्याच्या चिकित्सकाला पूरक काम करावे.

व्यवहारातील मांडणी

पहिल्या भेटीत वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, आवश्यक तपासण्या व तीन दिवसांच्या खाण्याची नोंद घ्यावी. संप्राप्ती समजावून सांगावी. आहारातील एकच आणि विहारातील एकच बदल औषधपत्रावर, औषधाच्या वर, मात्रेसह लिहावा : 'ज्वारीची भाकरी एक, रात्रीच्या जेवणात, चालणे दहा मिनिटे, सकाळी.' दर पंधरा दिवसांनी पुढची पायरी द्यावी. घेर महिन्यातून एकदा मोजावा, वजन आठवड्यातून एकदाच करावे. सण, लग्नसराई, हुरड्याचे दिवस यांविषयी आधीच बोलून ठेवावे. त्या दिवसांत वजन जेथे आहे तेथे राखले तरी पुरे. इच्छित घट झाल्यावरही निदान वर्षभर महिन्याची एक भेट चालू ठेवावी.

एवढा वेळ देणे गर्दीच्या दवाखान्यात अवघड आहे, हे आम्ही जाणतो. परंतु स्थूल रुग्णाला दहा मिनिटे दिली नाहीत, तर पुढे तोच मधुमेह, हृद्रोग वा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आयुष्यातील कितीतरी महिने देतो. औषधपत्रावरील पहिल्या दोन ओळी आहार व व्यायामाच्या असाव्यात, ही पद्धत आपल्या जिल्ह्यातील सर्व वैद्यांनी या तिमाहीपासून सुरू करावी आणि सहा महिन्यांच्या नोंदी परस्परांना दाखवाव्यात, अशी आमची विनंती आहे.